माजी सैनिकाची घरपट्टी माफी: अडलं कुठं, सुटलं कसं

सातारा तालुक्यात ग्रामपंचायतीला दिलेला वडिलांचा माफीचा अर्ज परत आला. या माफीला वय बघत नाहीत. माजी सैनिक किंवा सैनिकाची विधवा असावी लागते, आणि माफी एकाच मिळकतीला. घोडं अडलं नमुना 8 वर, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घरपट्टी आकारणीच्या उताऱ्यावर: घर अजून आजोबांच्या नावावर. आधी वारस नोंद केली. आजोबांचा मृत्यू दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, आत्यांसकट सगळ्यांच्या सह्या, मग मासिक सभेचा ठराव. नव्या उताऱ्यात वडिलांच्या नावाला 'राव' चिकटलं. सैन्यातून निवृत्त होताना मिळालेल्या डिस्चार्ज बुकात ते नव्हतं. तेही दुरुस्त करून घेतलं. नाव अक्षर न् अक्षर जुळवाच. मग जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला जोडून पुन्हा अर्ज, शिक्क्याची पोच घेऊन. घरपट्टी माफ झाली. पाणीपट्टी वेगळी, ती भरायचीच.