मेडिकलमधून गोळ्या कमी आल्या तर: मोजदाद, बिल आणि बॅच नंबर

चिठ्ठीवर ६० गोळ्या, बिलावर ६० गोळ्या, आणि घरी येऊन पिशवी ओतली तर ४५. असं झालं की बहुतेक जण दोनपैकी एक करतात. काही जण "जाऊ दे, आपलीच मोजायची चूक" म्हणून गप्प बसतात, तर काही जण तडक दुकानात जाऊन आवाज चढवतात. गप्प बसलं तर महिनाअखेर औषध संपतं आणि आवाज चढवला तर समोरचा अडून बसतो. हा वाद आवाजाने सुटत नाही. बिल, बॅच नंबर (एका खेपेत बनलेल्या औषधाचा, पट्टीवर छापलेला क्रमांक) आणि दुकानातला शिल्लक माल या तीन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या तर बहुतेक वेळा दहा मिनिटांत उलगडा होतो.

आधी औषध, मग वाद

काही औषधं एकही दिवस चुकवून चालत नाहीत. फिट्सच्या गोळ्या अचानक बंद झाल्या तर फिट्स पुन्हा, तेही लागोपाठ येऊ शकतात. प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड बरेच दिवस चालू असेल तर ते एकदम थांबवणं धोक्याचं, कारण शरीराने स्वतःचं स्टेरॉइड बनवणं कमी केलेलं असतं. मेटोप्रोलॉल, प्रोप्रॅनोलॉल, क्लोनिडिन या गोळ्या थांबल्या तर रक्तदाब किंवा नाडी उसळते. रक्त पातळ करणारं औषध आणि इन्सुलिन यांबाबत तर बोलायलाच नको. यांपैकी काही कमी पडत असेल तर तक्रारीचा निकाल लागेपर्यंत थांबू नका. गोळी अर्धी करून पुरवू नका, एक दिवसाआडही घेऊ नका. डॉक्टरांना फोन करा आणि चिठ्ठी दाखवून चार-आठ दिवसांपुरतं औषध जवळच्या दुकानातून घ्या. खानापूर तालुक्यातल्या जांबोटी किंवा कणकुंबीकडच्या माणसाचा बेळगावला जाऊन यायलाच दिवसाचा मोठा भाग जातो. अशा वेळी खानापुरात मिळेल ती एक पट्टी घेणंच शहाणपणाचं. त्या पट्टीचं बिल मात्र जपून ठेवा, नुकसानीच्या हिशेबात ते धरता येतं.

घरी बसून हिशेब

दुकानाकडे जाण्याआधी गणित मांडा. समजा ३ तारखेला संध्याकाळी मधुमेहाच्या ६० गोळ्या आणल्या, १-०-१, आणि त्याच रात्री सुरू केल्या. १२ तारखेला सकाळी गोळी घेण्याआधी मोजलं. ३ तारखेची रात्रीची १, पुढच्या ८ दिवसांच्या १६, म्हणजे १७ संपल्या. उरायला हव्यात ४३. हातात २८ असतील तर १५ कमी.

आता पट्टी बघा. पट्टी १५ गोळ्यांची असेल तर बरोबर एक पट्टी कमी आहे. कमतरता अशी पूर्ण पट्टीच्या पटीत असेल तर चूक बहुधा काउंटरवर झालेली असते. ३, ४ किंवा ७ असा विचित्र आकडा आला तर घरातच शोधा: एखाद्या दिवशी दोनदा घेतली गेली, डबीत काढून ठेवली, गावाला जाताना चार कापून नेल्या. कापलेल्या पट्टीने औषध घेतलं असेल तरच असा आकडा दुकानातही चुकू शकतो. खोक्याच्या तळाशी, आतल्या माहितीच्या कागदाच्या घडीत, दुसऱ्या औषधाच्या पिशवीतही बघा. पातळ कागदी पाकिटात घातलेला चार गोळ्यांचा तुकडा हमखास त्या पाकिटासकट कचऱ्यात जातो.

मूळ घोळ बहुतेक वेळा पट्टीच्या आकारात असतो. गोळ्यांच्या पट्ट्या १०, १४, १५ अशा वेगवेगळ्या येतात, थायरॉइडच्या गोळ्या शंभर-सव्वाशेच्या बाटलीत. चार पट्ट्या म्हणजे ६० हे १५ च्या पट्टीला खरं. त्याच औषधाची १० ची पट्टी निघाली की चार पट्ट्यांच्या ४० होतात, आणि देणाऱ्याच्या हाताला मात्र "चार" ची सवय झालेली असते. बिल वाचतानाही हेच लक्षात ठेवा. काही बिलांवर संख्या गोळ्यांत असते, काहींवर पट्ट्यांत, आणि काही ठिकाणी २:५ असं छापतात, म्हणजे दोन पट्ट्या आणि वर पाच सुट्या. शंका असेल तर रकमेवरून पडताळा: पट्टीवरची छापील किंमत भागिले पट्टीतल्या गोळ्या, गुणिले बिलावरची संख्या. बिलात काही टक्के सूट असेल तर ती आधी बिलाच्या रकमेत पुन्हा मिळवा.

दुसरं मोठं कारण म्हणजे "बाकीचं उद्या देतो". माल कमी असतो, बिल पूर्ण होतं, आणि उधारी दुकानदाराच्या तोंडी राहते. दुसऱ्या दिवशी काउंटरवर दुसराच मुलगा असतो. तिसरं कारण म्हणजे गर्दीत शेजारच्या गिऱ्हाईकाच्या पिशवीत गेलेली पट्टी. मोठ्या इस्पितळाच्या मेडिकलमध्ये दुपारी ओपीडी सुटल्यावर हे सहज घडतं.

दुकानात

शक्यतो त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी जा. सोबत मूळ चिठ्ठी, बिल, उरलेल्या सगळ्या पट्ट्या आणि रिकाम्या पट्ट्यासुद्धा न्या. रिकामी पट्टी टाकून देऊ नका, त्यावर बॅच नंबर असतो. लांब राहत असाल तर आधी फोन करा आणि लगेच बिलाचा आणि पट्ट्यांचा फोटो दुकानाच्या नंबरवर पाठवा. तुम्ही कधी कळवलं हे त्या संदेशावरून ठरतं.

सुरुवात साधी असू द्या: "अण्णा, परवा ही औषधं नेली होती, बिलावर साठ आहेत, पंचेचाळीसच आल्या. जरा स्टॉक बघता का?" समोर कानडी बोलणारा असेल तर "गुळिगी कम्मी अदाव, बिल नोडरी" (गोळ्या कमी आहेत, बिल बघा) एवढं पुरतं. "तुम्ही कमी दिल्या" म्हटलं की तो स्वतःला वाचवायला लागतो. "स्टॉक बघता का" म्हटलं की त्याला कपाट उघडावं लागतं.

बिलावर औषधापुढे बॅच नंबर छापलेला असतो. तुमच्या पट्टीवरचा बॅच तोच आहे ना, ते आधी बघा. मग त्या बॅचच्या संगणकात दिसणाऱ्या पट्ट्या आणि प्रत्यक्ष कपाटातल्या पट्ट्या मोजायला सांगा. संगणक ७ म्हणतो आणि कपाटात ८ निघाल्या, तर तुमची पट्टी तिथेच राहिली आहे. दोन्ही आकडे जुळले तर ती दुसऱ्याच्या पिशवीत गेलेली असू शकते. तेव्हा तुमच्या बिलाच्या आधीची आणि नंतरची चार-पाच बिलं बघायला सांगा. ज्या माणसाला मधुमेहच नाही त्याच्या घरी मधुमेहाची पट्टी गेली असेल तर ती त्याच्या जिवाशी खेळ आहे, हे सांगितलं की चांगला दुकानदार स्वतःच फोन लावतो. बॅचच जुळत नसेल तर बिल एका बॅचचं आणि माल दुसऱ्याचा असं झालंय. मग दोन्ही बॅच मोजाव्या लागतील.

काउंटरवर कॅमेरा असेल तर तारीख आणि बिलावरची वेळ सांगून तेवढं चित्रण जपून ठेवायला सांगा. जुन्यावर नवं चित्रण चढत जातं, म्हणून हे पहिल्याच भेटीत बोला, महिन्याने नव्हे.

मान्य झालं तर उरलेल्या गोळ्या घेताना त्यांचा बॅच आणि मुदत बघा आणि बिलाच्या मागे "१५ गोळ्या आज दिल्या" असं तारीख-सहीने लिहून घ्या. नकार आला तरी वाद वाढवू नका. नोंदणीकृत फार्मासिस्टशी किंवा मालकाशी बोलायचं आहे म्हणा. काउंटरवरच्या मुलाला निर्णय घेता येत नाही, त्याच्यावर चिडून उपयोग नाही.

"एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" या पाटीचा इथे संबंध नाही. तुम्ही माल परत करत नाही, पैसे भरलेला पण न मिळालेला माल मागताय. (फ्रिजमधलं इन्सुलिन परत न घेणं मात्र रास्त आहे. ते २ ते ८ अंशांतच राहायला हवं, आणि ते तुमच्या घरी कसं राहिलं हे दुकानदाराला कळायचा मार्ग नाही.)

एक गोष्ट मात्र मागू नका: "ती नसेल तर तसलीच दुसरी द्या." औषध नियम १९४५ मधल्या नियम ६५ प्रमाणे शेड्यूल एच, एच१ आणि एक्स या याद्यांमधल्या (म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायच्या) औषधाऐवजी दुकानदाराला स्वतःच्या मनाने दुसरं देता येत नाही, घटक तोच असला तरी. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी लिहिलेला ब्रँड बेळगावात मिळत नाही ही सीमाभागातली रोजची अडचण आहे, कारण दुकानदार जवळचे डॉक्टर काय लिहितात ते बघून माल भरतो. त्यावर उपाय एकच. डॉक्टरांना फोन करून बदल चिठ्ठीवर लिहून घ्यायचा.

दुकानाकडे नोंद असतेच

"आमच्याकडे काही नाही" हे उत्तर पूर्ण खरं नसतं. चिठ्ठीवर दिलेल्या औषधाची नोंद बिलात किंवा नोंदवहीत ठेवणं नियम ६५ ने बंधनकारक आहे: डॉक्टर, रुग्ण, औषध, संख्या, आणि शेड्यूल एच च्या औषधाला बॅच आणि मुदतही. अल्प्राझोलाम, ट्रामाडॉल, सेफिक्सिम, टीबीची औषधं अशी शेड्यूल एच१ मधली औषधं वेगळ्या वहीत लिहावी लागतात आणि ती वही ३ वर्षं ठेवावी लागते. ही तरतूद १ मार्च २०१४ पासून लागू आहे. झोपेच्या किंवा तीव्र वेदनेच्या गोळ्या कमी आल्या असतील तर या वहीतली संख्या बघायचा आग्रह जरूर धरा. अशा गोळ्यांचा हिशेब चुकलेला दुकानालाही परवडत नाही.

तक्रार कुठे, आणि कुठल्या राज्यात

इथे सीमाभागातल्या लोकांची गल्लत होते. औषध दुकानाचा परवाना त्या त्या राज्याचा. निपाणी, चिकोडी, संकेश्वर, बेळगाव, खानापूर इथलं दुकान असेल तर तक्रार कर्नाटकच्या औषध नियंत्रण यंत्रणेकडे, बेळगावच्या कार्यालयात. कागल, गडहिंग्लज, चंदगड किंवा कोल्हापूरचं दुकान असेल तर महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाकडे, टोल फ्री १८००२२२३६५. तुम्ही राहता कुठे याला इथे महत्त्व नाही. ग्राहक आयोगाचं मात्र उलट आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ३४ नुसार तुम्ही जिथे राहता किंवा काम करता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. निपाणीच्या माणसाने कोल्हापुरात औषध घेतलं तरी तो बेळगावच्या आयोगात जाऊ शकतो.

काय कुठे न्यायचं हेही वेगळं. फक्त संख्या कमी आणि पैसे पूर्ण, तर आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे मराठीतही बोलता येतं आणि छोट्या रकमेला हाच मार्ग सोयीचा. बिल देत नाहीत, चुकीचं किंवा मुदत संपलेलं औषध दिलं, फार्मासिस्ट कधीच नसतो, ही प्रकरणं वर सांगितलेल्या राज्याच्या औषध कार्यालयातल्या निरीक्षकाची. कर्नाटकातल्या सरकारी इस्पितळातून मोफत मिळणारं औषध कमी आलं तर तिथल्या वैद्यकीय अधीक्षकांना लेखी द्या, आणि दाद लागली नाही तर कर्नाटक सरकारची तक्रार हेल्पलाइन १९०२.

जिल्हा आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत कारण घडल्यापासून २ वर्षं. पण दीडशे रुपयांच्या पट्टीसाठी तारखांना जाणं सहसा परवडत नाही. औषध चुकल्यामुळे इस्पितळात दाखल व्हावं लागलं, किंवा कर्करोगाच्या महागड्या गोळ्या कमी आल्या, तर अवश्य जा.

लेखी तक्रार पानभरापेक्षा मोठी नको. नमुना असा: "दि. ३ रोजी बिल क्र. … ने … औषधाच्या ६० गोळ्यांचे पैसे दिले. प्रत्यक्षात बॅच क्र. … च्या ४५ मिळाल्या. दि. १२ रोजी दुकानात कळवले, स्टॉक तपासण्यास नकार दिला. उरलेल्या १५ गोळ्या किंवा त्यांची रक्कम मिळावी आणि त्या दिवसाच्या विक्री व शिल्लक मालाची नोंद तपासावी." सोबत चिठ्ठी, बिल, पट्ट्यांचे फोटो, फोनवरचे संदेश. दुकानाचा परवाना क्रमांक बिलावर असतो, तो उतरवा. भाषेवरून कुणी अडवलं तर राज्यघटनेचं कलम ३५० लक्षात ठेवा. देशात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणं मांडायचा हक्क त्याने दिला आहे. तरीही मराठी अर्जाला कानडी किंवा इंग्रजी प्रत जोडा. हक्क सोडायचा म्हणून नव्हे, कागद टेबलावर पडून राहू नये म्हणून. पोच घेतल्याशिवाय अर्ज देऊ नका.

पुढच्या वेळी काउंटरवर

पिशवी बंद होण्याआधी एकेक औषध बिलाशी लावून मोजा. मागे रांग असली तरी दोन मिनिटं लागतात. उरलेला माल उद्यावर टाकला तर पूर्ण बिल करूच देऊ नका, दिलेल्याचंच करा. चिठ्ठीवर दुकानाचा शिक्का, तारीख आणि "दिल्या ३०, बाकी ३०" असं लिहून घ्या. त्या चिठ्ठीवर मग दुसरं दुकानही बाकीचं देऊ शकतं. घरपोच औषध येत असेल तर पार्सल फोडतानाचा सलग व्हिडिओ काढा, पाकिटावरचा पत्ता आणि सील दिसेल असा. पट्टी कापून घेताना बॅच आणि मुदत बहुतेक वेळा एकाच टोकाला छापलेली असते आणि ते टोक दुकानातच राहतं. कात्री लागण्याआधी अख्ख्या पट्टीचा फोटो घ्या.