एका गल्लीचं अर्थकारण कसं मोजावं: मिरजेच्या सतारीवरून शिकलेली पद्धत

कधी एखाद्या बँकेचं, कधी कारागिरांच्या संस्थेचं, कधी सरकारी कचेरीचं पत्र येतं: 'आमच्या गावच्या अमुक व्यवसायाचा आर्थिक अभ्यास करून द्या, मुदत तीन महिने.' सोळा वर्षं मी हेच काम करते आहे. पैठणीचे माग पाहिले, कोल्हापुरी चपला पाहिल्या, कोकणातला काजूही पाहिला. नव्याने या कामात येणारी मुलं-मुली विचारतात, सुरुवात कुठून करायची? मी त्यांना मिरजेच्या सतार-तंबोरा बनवणाऱ्या गल्लीच्या अभ्यासाचं सांगते. माझ्या मोठ्या चुका तिथेच झाल्या, आणि कारागिरांनीच त्या दुरुस्त करून दिल्या.

पहिले चार-पाच दिवस कागदांचे. राज्याचं अर्थ व सांख्यिकी संचालनालय प्रत्येक जिल्ह्याचं सामाजिक व आर्थिक समालोचन काढतं, ते आधी वाचा. सोबत २०११ च्या जनगणनेचे शहरनिहाय तक्ते घ्या आणि जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन नोंदलेल्या उद्योगांची यादी मागा. राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरणात (२००८) वाद्यनिर्मितीचा संकेतांक ३२२० आहे. आपल्या व्यवसायाचा संकेतांक पाठ असावा, कारण सगळे तक्ते त्याच भाषेत बोलतात.

त्यावरून एक साधं गुणोत्तर काढतात. समजा, जिल्ह्यात दर दहा हजार कामगारांमागे ४ जण वाद्यं बनवतात आणि राज्यात दर दहा हजारांमागे १. म्हणजे हा जिल्हा राज्याच्या चौपट. गावाचं वेगळेपण दाखवायला हा आकडा चांगला, पण छोट्या धंद्यात त्याच्यावर फार भार टाकू नका. कुणी उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंद) करताना सुतारकाम लिहिलेलं असतं, कुणी दुकान, आणि कित्येकांनी नोंदणीच केलेली नसते. पाच घरांचा संकेतांक बदलला की सगळं गुणोत्तर हलतं. राष्ट्रीय नमुना पाहण्यांचंही तसंच. या पाहण्या राज्याबद्दल नीट बोलतात, एका गल्लीबद्दल बोलूच शकत नाहीत. माझ्या पहिल्या मसुद्यात मी वाद्यकारांना लाकूडकामात मोजलं होतं, कारण यादीत तसं लिहिलं होतं. त्या यादीवर मी चार पानं विश्लेषण लिहिलं आणि ते सगळं काढून टाकावं लागलं.

मग इतिहास. बहुतेक अहवालांत तो सजावटीसाठी पहिल्या पानावर येतो आणि पुढे त्याचा उल्लेखही नसतो. मला तो आर्थिक पुरावा वाटतो. हा धंदा इथेच का वाढला, शेजारच्या गावात का नाही, याचं उत्तर त्यात असतं. मिरजेचे सतारमेकर मूळचे शिकलगार, म्हणजे हत्यारं बनवणारे आणि त्यांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात हत्यारांचं काम ओसरलं आणि त्या घरांनी तंतुवाद्यं हाती घेतली. पटवर्धनांचं संस्थान होतं, दरबारात गाणं होतं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेत शिकवत होते, विष्णू दिगंबर पलुसकर त्यांच्याकडे इथेच शिकले. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले. १९३७ मध्ये ते गेले, आणि मीरासाहेब दर्ग्यात त्यांच्या स्मरणार्थ अजून दरवर्षी गाणं होतं. गिऱ्हाईक चार पावलांवर राहत होतं. तंबोरा बेसूर लागला तर गवई स्वतः येऊन सांगत असे. शिवाय मिरज हे रेल्वेचं जंक्शन, त्यामुळे माल बाहेर पाठवणं सोपं.

अशी कारणं वहीत एका खाली एक लिहा आणि प्रत्येकापुढे लिहा: अजून चालू आहे का? दरबार गेला. जंक्शन आहे. दर्ग्यातला उत्सव आहे. दुरुस्ती मागणारे गायक आहेत, पण आता ते पुण्या-मुंबईहून वाद्य पाठवतात. धंद्याच्या भवितव्याचा निम्मा अंदाज इथेच येतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम, आणि याला सगळ्यात जास्त दिवस द्या. एक वस्तू निवडा आणि ती जिथून निघते तिथपासून घरी पोचेपर्यंत तिच्या मागे चाला. मी एक तंबोरा निवडला. तो सुरू होतो पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतात, कडू भोपळ्याच्या वेलावर. मोठा, गोल, जाड सालीचा भोपळाच चालतो, आणि तो वाळायला महिने जातात. मी त्या शेतात गेले तेव्हा शेजारच्या रानात ऊस उभा होता. शेतकऱ्याने सरळ सांगितलं, ऊस कारखाना नेतो, भोपळ्याला गिऱ्हाईक मोजकं. सतारीच्या अहवालात पीकपद्धतीवर एक पान का, हे विचारणाऱ्याला मी तो भोपळा दाखवते. नदीला पूर आला आणि वेल कुजले, तर मिरजेत पुढच्या वर्षी काम कमी.

मिरजेत आल्यावर भोपळा पाण्यात भिजवून कापतात, आतून साफ करतात, तोंड रुंद राहावं म्हणून आधार देऊन पुन्हा वाळवतात. तून लाकडाची पोकळ दांडी, गळ्याचा सांधा, भोपळ्याच्या तोंडावर बसणारी लाकडी तबली, खुंट्या, नक्षी, लाखेचं पॉलिश. शेवटी घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, बसते आणि जवारी काढतात. घोडीचा पृष्ठभाग कानसेने अगदी किंचित घासत, तार छेडत, पुन्हा घासत, सूर खुलेपर्यंत. मर्दानी तंबोरा वेगळा, जनानी वेगळा, दोघांची जवारीही वेगळी.

प्रत्येक टप्प्यावर चार गोष्टी विचारा. हे काम कोण करतं? किती दिवस लागतात? पैसे कोण देतं आणि कधी? हा माणूस उद्या थांबला तर हे कोण करेल? चौथ्या प्रश्नाचं उत्तर बाकीच्या टप्प्यांवर पटकन मिळालं. दांडी तासायला दुसरा आहे, पॉलिशला आहे. जवारीपाशी सगळे गप्प झाले, मग दोन-तीन माणसांची नावं आली, तीही पन्नाशी ओलांडलेल्यांची. त्या धंद्याची नाजूक जागा मला तिथे सापडली. कुठल्याही सरकारी तक्त्यात ती दिसली नसती. आणि 'घरात अजून कोण हात लावतं?' हेही विचाराच. बायका-मुलांचं काम 'मदत' म्हणून सांगितलं जातं आणि मोजणीतून निसटतं.

प्रश्न विचारण्याबद्दल. पहिल्या फेरीत मी दारोदार फॉर्म घेऊन गेले आणि महिन्याचं उत्पन्न विचारलं. सगळ्यांनी जवळपास एकच आकडा सांगितला. एका वयस्कर चाचांनी चहा पुढे केला आणि म्हणाले, "बेटा, कमाई नको विचारू. कुणी खरं सांगणार नाही, आणि खरं म्हणजे आम्हाला पण माहीत नसते. यंदा भोपळे किती आणले ते विचार, ते मी मोजून देतो." त्या दिवसापासून मी वस्तू विचारते: भोपळे किती, तारांची बंडलं किती, लाकूड किती घनफूट, बाहेरगावी पाठवायच्या खोक्यांची संख्या किती. मागच्या हंगामाचे उरलेले भोपळे वजा करा, फुटलेले वजा करा, आणि तयार वाद्यांचा अंदाज येतो. तोच आकडा खोकी बनवणाऱ्याकडून आणि तारा विकणाऱ्याकडून पडताळा. तिन्ही जवळ आले तरच अहवालात लिहा.

मागणीची बाजू मी थोडक्यात सांगते, कारण ती तुलनेने सोपी आहे. मोठ्या शहरांतल्या वाद्यांच्या दुकानांत जा, गायनाच्या क्लासात जा. वाद्यावर कुणाचं नाव लावलेलं आहे ते पाहा. बनवणाऱ्याचं की विकणाऱ्याचं, यावर नफा कुठे राहतो ते कळतं. मोबाइलमधल्या तंबोऱ्याने नव्या वाद्यांची मागणी खाल्ली का, हे गायनाच्या विद्यार्थ्यांनाच विचारा. दुरुस्तीचा हिशेब नव्या मालापासून वेगळा ठेवा, कित्येक घरं त्यावर तगून आहेत.

योजनांचे कागद मात्र ओळीन् ओळ वाचा. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत. त्यात सुतार आहे, शस्त्रं बनवणारा आहे, वाद्यकार नाही. ज्या घरांनी दीड शतकापूर्वी हत्यारं सोडून सतार घेतली, त्यांचा सोडलेला धंदा यादीत सापडतो, चालू धंदा सापडत नाही. हे वाचून मला वाईट वाटलं. शिफारशीत असंच नेमकं लिहा: कोणत्या योजनेच्या कोणत्या यादीत कोणता शब्द हवा. 'कौशल्यविकासाला चालना द्यावी' असं वाक्य कुणीही लिहितं आणि त्यातून काही घडत नाही. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन, म्हणजे वस्तू त्या गावचीच असल्याची कायदेशीर ओळख, मिळालं. तिथेही प्रश्न नेमके हवेत: ते चिन्ह वापरण्याची नोंद किती घरांनी केली, तपासणी कोण करतं, दुकानदार त्याचे चार पैसे जास्त देतो का?

आकडे फुगवू नका. अहवाल मागवणाऱ्याला 'हजारो रोजगार' ऐकायला आवडतं. पण गल्लीतली कामगारांची संख्या लहान असेल तर लहानच लिहा आणि ती माणसं गेली तर काय बंद पडेल, ते पुढे लिहा. जवारी काढणारे दोन-तीनच उरले आहेत, या वाक्याला मोठ्या आकड्याची गरज लागत नाही.

अंदाजपत्रकात कारागिराच्या वेळेचे पैसे धरा. अर्धा दिवस त्याने तुमच्याशी बोलण्यात घालवला तर त्याची अर्ध्या दिवसाची मजुरी बुडते.

मसुदा तयार झाला की तो गल्लीत नेऊन मराठीत मोठ्याने वाचा. पहिल्यांदा मी वाचला तेव्हा 'जवारी: एक दिवस' या ओळीवर चाचांनी हात वर केला. म्हणाले, "एक दिवस नाही. संध्याकाळी काढून ठेवतो, रात्रभर तसाच राहू देतो, सकाळी कान ताजा असताना पुन्हा ऐकतो. तेव्हा कळतं बरोबर झालं की नाही." मी एकचे दोन केले. मजुरीचा खर्च बदलला, तंबोऱ्याची खरी किंमत बदलली, आणि कर्जाच्या हप्त्याचा जो हिशेब मी बँकेसाठी मांडला होता तो पुन्हा मांडावा लागला. म्हणून तीन महिन्यांच्या मुदतीतला शेवटचा आठवडा या वाचनासाठी आणि त्यानंतरच्या दुरुस्तीसाठी मोकळा ठेवा.