व्हाइटवॉटर कयाक इन्स्ट्रक्टर होताना या चुका टाळा

अमेरिकन कनू असोसिएशनच्या लेव्हल ४ व्हाइटवॉटर (नदीच्या खळाळत्या पाण्यातले कयाकिंग) इन्स्ट्रक्टर प्रमाणपत्रासाठी आधी कार्यशाळा आणि मग परीक्षा असते. तयारी म्हणून अनेक उमेदवार अवघड रॅपिड (नदीचा खडकाळ, उसळता भाग) गाठतात. परीक्षेत मात्र सोप्या पाण्यात संथ, स्वच्छ प्रात्यक्षिक लागते आणि समोरच्याची चूक नेमकी कुठे आहे ते ओळखावे लागते.

रोल फसला की ‘जोर लाव’ सांगणे

ही सर्वांत महागात पडणारी चूक. रोल, म्हणजे उलटलेली कयाक आत बसूनच सरळ करणे, हाताच्या ताकदीवर होत नाही. कयाक सरळ होते ती कंबर आणि गुडघ्याच्या झटक्याने. विद्यार्थी जवळजवळ वर येऊन परत पडत असेल, तर आधी त्याचे डोके पाहा. श्वासासाठी ते पहिले वर येते, कंबरेचा झटका वाया जातो आणि बोट पुन्हा उलटते. ‘डोके शेवटी’ असे नुसते सांगून भागत नाही. नजर वल्ह्याच्या पात्यावर ठेवायला सांगा, म्हणजे डोके आपोआप खाली राहते.

पाते खोल बुडत असेल तर कारण वेगळे असते: मनगट चुकीचे वळल्याने पात्याचा कोन बिघडलेला असतो, किंवा विद्यार्थी वल्हे खाली ओढत असतो. अशा वेळी वल्हे बाजूला ठेवा. तुमच्या कयाकच्या टोकाला धरून फक्त कंबरेचा झटका दहा-पंधरा वेळा करून घ्या, मगच वल्हे हातात द्या. एका वेळी एकच दुरुस्ती सांगा. तीन सांगितल्या तर पाण्याखाली उलट्या लटकलेल्या माणसाला एकही आठवत नाही.

एडीतून बाहेर पडताना उलटणे

एडीतून, म्हणजे खडकामागच्या शांत पाण्यातून, प्रवाहात शिरताच विद्यार्थी वरच्या अंगाला उलटतो, कारण प्रवाह कयाकची वरची कड धरतो. सायकल वळवताना झुकतो तसे वळणाच्या आतल्या बाजूला कयाक कलवायची. घाबरलेला माणूस नेमका उलट, येणाऱ्या पाण्याच्या दिशेला झुकतो. फेरी करताना (खाली वाहून न जाता प्रवाह आडवा ओलांडताना) कयाकचे टोक वाहून जात असेल, तर प्रवाहाशी कोन फार मोठा झालेला असतो. साधारण ३० अंशांपासून सुरुवात करा, वेगवान पाण्यात त्याहूनही कमी.

प्रात्यक्षिकात खांदा धोक्यात घालणे

हाय ब्रेस (उलटू नये म्हणून वल्ह्याने पाण्यावर घेतलेला आधार) दाखवताना हात डोक्यावर आणि मागे गेला की खांदा निखळू शकतो. कोपरे वाकलेली आणि शरीराजवळ, हात छातीसमोर. विद्यार्थी तुमचे शब्द विसरतील, पण हात कसा धरला होता त्याची नक्कल नक्की करतील.

सुरक्षा नंतर लावणे

पहिला विद्यार्थी रॅपिडमध्ये उतरण्याआधी खालच्या बाजूला थ्रो बॅग (फेकायच्या दोराची पिशवी) घेतलेला माणूस उभा हवा. दोर बहुधा १५ ते २० मीटर असतो, म्हणून तेवढ्याच अंतरावरची जागा निवडा. पाण्यात पडलेल्याला आधी हाक मारा, त्याची नजर भिडली की फेका. दोर मनगटाला गुंडाळू नका. पाण्यात पडलेल्याने पाठीवर, पाय पुढे आणि वर ठेवून वाहायचे. गुडघाभर वाहत्या पाण्यातही उभे राहू देऊ नका; खडकात पाय अडकला की प्रवाह माणसाला पालथा पाडतो.

निघण्यापूर्वी प्रत्येकाच्या स्प्रे स्कर्टचा (कयाकमध्ये पाणी शिरू नये म्हणून कंबरेभोवतीचे आवरण) ओढायचा लूप बाहेर आहे का ते हाताने तपासा. तो आत दबलेला असेल तर वेट एक्झिट (उलटलेल्या कयाकमधून पाण्याखाली बाहेर पडणे) अडते. ‘सगळे ठीक?’ असे विचारून हे कळत नाही.

नदीचे वेळापत्रक न पाहणे

कोलाडजवळच्या कुंडलिकेवर सराव करणाऱ्यांसाठी हे खास. इथला प्रवाह भिरा वीजगृहातून सुटणाऱ्या पाण्यावर अवलंबून असतो. त्याची वेळ आदल्या दिवशी स्थानिकांकडून खात्री करून घ्या आणि काठावरच्या एका दगडाची खूण ठेवा. पाणी त्या खुणेवर चढले की धडा थांबवा, विद्यार्थ्यांना एडीत घ्या आणि नव्या पातळीला नेमके काय बदलले ते पाहूनच पुढे जा.