संरक्षण खरेदीवर संसदेत प्रश्न कसा विचारावा

ज्या मसुद्यात ‘याबाबत सरकारने कोणती पावले उचलली आहेत?’ हे वाक्य असेल, तो मसुदा आधी बाजूला काढा. सरकार पावले उचलतच असते आणि उत्तरात दोन परिच्छेद भरून ती पावलेच येतात: धोरण आणले, पोर्टल सुरू केले, समिती नेमली, उद्योगांशी संवाद साधला. माल आला का, पैसे कुठे अडकले, उशिराचा दंड कुणी भरला, यातले काहीच कळत नाही. खासदारांसाठी प्रश्नांचे मसुदे करणे हे माझे बरीच वर्षे काम आहे आणि दर अधिवेशनाआधी नव्या सहायकाला कुणीतरी ‘प्रश्न दणदणीत हवा’ असे सांगून ठेवलेले असतेच. दणदणीत प्रश्नाला भाषणवजा उत्तर मिळते. प्रश्न कोरडा ठेवा, इतका की मंत्रालयात उत्तर लिहायला बसलेल्या अधिकाऱ्याला आकड्याखेरीज दुसरे काही लिहायची सोयच राहू नये.

खासदारांच्या सहायकांइतकेच हे सामान्य वाचकांसाठीही आहे. नागरिकाला थेट प्रश्न टाकता येत नाही, पण आपल्या खासदाराकडे दहा पानांचे निवेदन नेण्यापेक्षा अर्ध्या पानाचा तयार मसुदा नेला तर त्याचे काहीतरी होण्याची शक्यता जास्त. आमदाराकडे मात्र जाऊ नका. संरक्षण हा केंद्र सूचीतला विषय आहे, विधानसभेत तो येत नाही. गोळीबार मैदानासाठी गेलेली जमीन, तिचा मोबदला असा राज्याच्या महसूल खात्याचा भाग असेल तर तेवढ्यापुरती लक्षवेधी लागू शकते, तोफेची किंमत तिथे विचारता येणार नाही.

नियमांची बाजू

ही पटकन संपवू. नोटीस उत्तराच्या तारखेच्या किमान १५ पूर्ण दिवस आधी जायला हवी, म्हणजे नोटिशीचा आणि उत्तराचा दिवस मोजायचा नाही. मंत्रालयांचे वार ठरलेले असतात, अधिवेशनाचा तक्ता आला की संरक्षणाच्या तारखांवर खूण करा. मजकूर १५० शब्दांच्या आत. टोमणे, तर्क, आरोप, ‘असे झाले तर’ छापाचे काल्पनिक प्रश्न, न्यायप्रविष्ट बाबी, आधी उत्तर दिलेल्याच बाबीची पुनरुक्ती, हे सगळे लोकसभेच्या नियम ४१ खाली बाद होते. बाद होण्याची आणखी दोन कारणे या विषयात फार आडवी येतात. एक, मंत्रिमंडळ समितीत काय चर्चा झाली हे विचारता येत नाही. दुसरे, एका उत्तरात मावणार नाही एवढे मोठे धोरण विचारता येत नाही. ‘आत्मनिर्भरतेचे धोरण यशस्वी झाले आहे काय’ हा प्रश्न म्हणूनच दारातच अडतो, आणि चुकून आत गेलाच तर ‘होय’ म्हणून परत येतो.

तारांकित की अतारांकित

अतारांकित. माझे मत पक्के आहे. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात आणि त्यावर पूरक प्रश्न विचारता येतात, अतारांकितला फक्त लेखी उत्तर येते. लोकसभेत दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न लागतात, राज्यसभेत १५ आणि १६०. कोणाचा लागणार हे सोडतीवर. तारांकित लागला तरी प्रश्नोत्तराच्या तासात पुष्कळदा पाच-सहा प्रश्नांपलीकडे गाडी जात नाही, उरलेल्यांची उत्तरे पटलावरच जातात. मंत्र्याला सभागृहात समोरासमोर गाठायचे असेल तर तारांकित जरूर टाका, पण तक्ता हवा असेल, वर्षनिहाय आकडे हवे असतील, तर ते लेखी उत्तराच्या जोडपत्रातच येतात. बातमीत नाव येते म्हणून प्रत्येक नोटिशीवर तारांकितची खूण करणारे सहायक आपल्याच खासदाराची सोडतीतली संधी वाया घालवतात.

खरेदी कोणत्या टप्प्यावर आहे ते आधी ठरवा

संरक्षण खरेदीच्या बातम्या वाचून प्रश्न करू नका. ‘इतक्या कोटींच्या खरेदीला मंजुरी’ ही बातमी बहुतेक वेळा डीएसीची, म्हणजे संरक्षणमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालच्या खरेदी परिषदेची असते, आणि तिथे मिळतो तो एओएन, म्हणजे गरजेची मान्यता. ही वस्तू लागते आणि ती अमुक गटात खरेदी करावी, एवढेच त्यात मान्य झालेले असते. त्यानंतर निविदेचा दस्तऐवज निघतो, तांत्रिक छाननी होते, प्रत्यक्ष चाचण्या होतात, किमतीची वाटाघाटी समिती बसते, सक्षम अधिकाऱ्याची किंवा मोठ्या रकमेला मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीची मान्यता लागते, आणि मग करार. एओएनपासून करारापर्यंत वर्षे जातात. ठरल्या मुदतीत निविदा निघाली नाही तर एओएनच रद्दबातल होतो.

दुसरी गल्लत भांडवली आणि महसुली खर्चाची. विमाने, नौका, तोफा यांची खरेदी २०२० पासून डीएपी या संरक्षण खरेदीच्या कार्यपद्धतीने होते, त्याआधीचे करार डीपीपी या जुन्या कार्यपद्धतीच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांखाली आहेत. सुटे भाग, दुरुस्ती, रोजच्या पुरवठ्याचा माल साधारणपणे महसुली खर्चात येतो आणि त्याला डीपीएम ही वेगळी नियमावली लागते. तुम्ही ‘डीएपीअंतर्गत झालेली खरेदी’ असे लिहिलेत की हा सगळा भाग उत्तरातून गळतो. मंत्रालय खोटे बोलत नाही, तुम्ही विचारले तेवढेच सांगते. म्हणून ‘भांडवली आणि महसुली, दोन्ही स्वतंत्रपणे’ असे लिहा, आणि सैन्यदलांना तातडीचे अधिकार देऊन केलेली खरेदी हवी असेल तर तिचाही वेगळा उल्लेख करा.

वाचायचे काय? संरक्षणविषयक स्थायी समितीचे अनुदान मागण्यांवरचे अहवाल, कॅगचे अहवाल आणि आधीच्या अधिवेशनांतली उत्तरे. उघड कागदपत्रांत मिळणारी माहिती विचारली तर प्रश्न बाद होतो, पण त्या कागदपत्रांतला आकडा धरून पुढचा आकडा विचारला तर तो बाद करायला कारण उरत नाही.

मसुदा

खरी मारामारी इथे आहे. प्रश्न बाद होत नाही, वेळेत लागतो, उत्तरही येते, आणि त्या उत्तरात काही नसते. याची तीन कारणे मी पुन्हापुन्हा पाहतो.

पहिले, संख्या विचारली जाते. किती क्षेपणास्त्रे, किती दिवस पुरेल एवढा दारूगोळा, कोणत्या तळावर किती विमाने. यावर ‘राष्ट्रीय सुरक्षेच्या हिताच्या दृष्टीने ही माहिती उघड करणे योग्य नाही’ हे ठरलेले उत्तर आहे, आणि खरे सांगायचे तर ते बरोबरही आहे. साठा आणि तैनाती यांच्या वाटेला जाऊच नका. पैसा, तारीख आणि प्रक्रिया या तीन गोष्टींना धरून बसा. करार कधी झाला, करारातली सुपूर्द करण्याची मुदत कोणती होती, विलंबापोटी किती रक्कम कापली, एकाच बोलीदारावर किती प्रकरणे पुढे नेली, यातल्या कशाने सीमा उघडी पडत नाही.

दुसरे, एकक ठरवलेले नसते. राफेलचे उदाहरण घ्या. ३६ विमानांचा करार सप्टेंबर २०१६ मध्ये झाला. १८ नोव्हेंबर २०१६ रोजी तत्कालीन संरक्षण राज्यमंत्री सुभाष भामरे यांनी लोकसभेत लेखी उत्तर दिले: एका विमानाची किंमत अंदाजे ६७० कोटी रुपये. हा आकडा निव्वळ विमानाचा होता. शस्त्रे, भारतासाठी केलेले खास बदल, देखभाल, सुटे भाग त्यात नव्हते. एकूण कराराचे सुमारे ५९ हजार कोटी घेऊन ३६ ने भागले की आकडा सोळाशे कोटींच्या पुढे जातो. पुढे दोन वर्षे देशभर जो वाद झाला त्यात दोन्ही बाजू आपापला आकडा नाचवत होत्या आणि दोघांचे एकक वेगळे होते. वाद तापल्यावर, २०१८ मध्ये, किमतीचा तपशील विचारला तेव्हा फ्रान्सबरोबरच्या २००८ च्या गोपनीयतेच्या कराराकडे बोट दाखवले गेले. तेव्हा किंमत विचारताना ‘फक्त मूळ वस्तूची’, ‘शस्त्रांसह’, ‘देखभालीसह’ यांपैकी काय हवे ते लिहा, आणि विषय थंड असताना विचारा. ज्या दिवशी पहिल्या पानावर बातमी येते त्या दिवशी प्रश्न टाकणारे शंभर जण असतात आणि त्या शंभरांसाठी मंत्रालयाने एकच उत्तर तयार केलेले असते.

तिसरे आणि सगळ्यात त्रासदायक: सगळे उपभाग एकाच चालीवर लिहिलेले. ‘(क) असे आहे काय, (ख) असल्यास, त्याचा तपशील, (ग) नसल्यास, त्याची कारणे, (घ) सरकार काय करणार आहे.’ हा साचा दिसला की मंत्रालय ‘(क) ते (घ)’ असे एकत्र करून एक गुळगुळीत परिच्छेद देते, आणि कुठला भाग गाळला हे शोधायला तुम्हालाच बसावे लागते. प्रत्येक उपभागाची मागणी वेगळ्या जातीची ठेवा. एक भाग एकूण रक्कम मागेल, दुसरा वर्षनिहाय तक्ता, तिसरा वसुलीची रक्कम, चौथा प्रलंबित प्रकरणे. मग त्यांची मोट बांधता येत नाही आणि बांधलीच तर गळलेला भाग पटकन दिसतो.

हे प्रत्यक्ष कसे दिसते ते ऑफसेटवर दाखवतो. ठरावीक रकमेपुढच्या परदेशी करारात विक्रेत्याने साधारण ३० टक्के मूल्याचे काम भारतीय उद्योगात आणायचे, अशी ही अट. कॅगचा त्यावरचा अहवाल सप्टेंबर २०२० मध्ये संसदेत मांडला गेला. २००५ ते मार्च २०१८ या काळात ४६ ऑफसेट करार, मूल्य ६६,४२७ कोटी. डिसेंबर २०१८ पर्यंत १९,२२३ कोटींचे काम व्हायला हवे होते. विक्रेत्यांनी ११,३९६ कोटींचे केल्याचा दावा केला, मंत्रालयाने मान्य केले ५,४५७ कोटींचे. तीन आकडे, तीन वेगळे अर्थ. ‘ऑफसेटची किती दायित्वे पूर्ण झाली’ असे मोघम विचारले तर उत्तरात दाव्याचा आकडा येईल की मान्य झालेला, हे तुम्ही मंत्रालयावर सोडलेले असते. ते कोणता निवडील हे सांगायला नको.

मी लिहीन तो मजकूर असा. नोटीस इंग्रजीत किंवा हिंदीत जाते, इथे मराठीत देतो. ‘(क) मागील आर्थिक वर्षाच्या ३१ मार्च रोजी लागू असलेल्या ऑफसेट करारांची संख्या आणि एकूण मूल्य; (ख) त्या तारखेपर्यंत पूर्ण होणे अपेक्षित असलेले, विक्रेत्यांनी दावा केलेले आणि मंत्रालयाने मान्य केलेले मूल्य, प्रत्येक स्वतंत्रपणे आणि मागील पाच वर्षांसाठी वर्षनिहाय; (ग) कसूर झालेल्या करारांची संख्या, आकारलेल्या दंडाची रक्कम आणि त्यापैकी प्रत्यक्ष वसूल झालेली रक्कम; आणि (घ) एक वर्षाहून अधिक काळ मान्यतेसाठी प्रलंबित दाव्यांची संख्या?’

यात एकही विशेषण नाही, कुणाचे नाव नाही, ‘काय’ने संपणारे वाक्य नाही. (ग) मध्ये आकारलेला आणि वसूल झालेला दंड वेगळा मागितला आहे, कारण कागदावर लावलेला दंड आणि तिजोरीत आलेला दंड यांत अंतर असू शकते. गोपनीयतेचे कारण द्यायचे झाले तर दंडाची रक्कम सांगितल्याने सुरक्षेला धोका कसा, हे मंत्रालयाला स्वतःच्या सहीने लिहावे लागेल. तसे कुणी लिहीत नाही.

तारखेबद्दल एक हट्ट धरा. ‘आतापर्यंत’, ‘गेल्या काही वर्षांत’ हे शब्द कधीही वापरू नका. ठरलेली तारीख दिली तरच पुढच्या अधिवेशनातला आकडा आधीच्याशी ताडता येतो.

नोटीस दाखल करणे

खासदाराने स्वतःच्या लॉगिनवरून करावी. पासवर्ड सहायकाकडे, कंपनीच्या माणसाकडे, ओळखीच्या पत्रकाराकडे ठेवू नये. प्रश्नांसाठी पैसे घेतल्याच्या प्रकरणात डिसेंबर २००५ मध्ये ११ खासदारांचे सदस्यत्व गेले होते. संरक्षण खरेदीत स्पर्धक कंपन्यांचे हितसंबंध मोठे असतात आणि ‘आयता मसुदा’ घेऊन येणारे सूट-बूटवाले हमखास भेटतात. मसुद्यात एकाच कंपनीच्या प्रतिस्पर्ध्याला बाधा येईल असा नेमका उपभाग असेल तर तो कुणी लिहिला हे आधी विचारा.

पूरक प्रश्न

तारांकित लागलाच तर दोन पूरक प्रश्न लिहून द्या, प्रत्येकी एका वाक्याचे. प्रस्तावना करू देऊ नका.

उत्तर आल्यावर

जोडपत्र आधी उघडा, मुख्य उत्तर नंतर. प्रत्येक उपभागासमोर आकडा आला की नाही याची खूण करा. वस्तुस्थिती अर्धवट राहिली असेल तर लोकसभेत नियम ५५ खाली अर्ध्या तासाच्या चर्चेची नोटीस देता येते, तीन दिवस आधी.

‘बाब विचाराधीन आहे’, ‘माहिती गोळा करण्यात येत असून सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येईल’ असे वाक्य आले तर निराश होऊ नका. ही वाक्ये आश्वासन म्हणून नोंदली जातात आणि सरकारी आश्वासन समितीकडे जातात. तीन महिन्यांत पूर्तता व्हावी असा दंडक आहे. मंत्रालये मुदतवाढ मागतात, समिती सचिवांना बोलावून विचारूही शकते. उत्तराचा क्रमांक, तारीख आणि आश्वासनाचे नेमके वाक्य त्याच दिवशी वहीत उतरवा आणि तीन महिने संपल्यावर समितीला खासदारांच्या सहीचे पत्र पाठवा. काही वेळा मंत्रालय आश्वासन वगळण्याचीच विनंती करते. तशी विनंती गेल्याचे कळले तर तिला लेखी हरकत घ्या आणि हरकतीत एवढेच लिहा की उपभाग (ग) मधली रक्कम अजून मिळालेली नाही.