डिस्क बसवण्याआधी कॅबिनेटकडे नीट बघा

हार्डवेअरचं काम शिकायला आलेल्या मुलाच्या हातात मी पहिल्या दिवशी स्क्रू-ड्रायव्हर देत नाही. उघडं कॅबिनेट समोर ठेवतो आणि विचारतो, "यात दोन हार्ड डिस्क आणि एक डीव्हीडी रायटर बसवायचाय. काय कुठे लावशील?" बहुतेक जण दोन्ही डिस्क एकमेकींना खेटून लावतात, खाली दोन खण रिकामे असले तरी.

साडेतीन इंची डिस्कची तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेते, त्यामुळे डिस्क तापतेच. दोन डिस्कमध्ये एक खण मोकळा सोडा आणि दोन्ही पुढच्या पंख्याच्या झोतात येतील असं बघा. मशीन तासभर चालल्यावर क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये तापमान पाहा. चाळिशीच्या आत असेल तर उत्तम. पंचावन्नच्या वर गेलं तर मी कॅबिनेट परत उघडतो. डिस्क आडवी बसवा की उभी, दोन्ही चालतं. पण ती चारही स्क्रूंनी घट्ट हवी, नाहीतर थरथर सगळ्या पत्र्याला लागते.

स्क्रूंवर जरा थांबतो, कारण इथेच नव्या मुलांचा हात चुकतो. साडेतीन इंची डिस्कचे आटे जाड असतात, डीव्हीडी रायटरचे आणि अडीच इंची एसएसडीचे (फिरती तबकडी नसलेल्या, चिपवर चालणाऱ्या डिस्कचे) बारीक. पिशवीत दोन्ही स्क्रू एकत्र पडलेले असतात आणि वरवर सारखेच दिसतात. पहिले दोन-तीन फेरे बोटांनी सहज फिरले पाहिजेत. अडलं की स्क्रू बदला, जोर लावू नका. आटे गेले की डिस्क आयुष्यभर तीन स्क्रूंवर राहते.

डीव्हीडी रायटर पुढून, सव्वापाच इंची खणात सरकवायचा. शक्यतो सगळ्यात वरचा खण घ्या, म्हणजे मागचं टोक मदरबोर्डच्या वायरींना अडत नाही. तो कॅबिनेटच्या तोंडाशी सपाट आला की दोनच स्क्रू हलके लावा, ट्रे बाहेर काढून बघा, मगच बाकीचे आवळा.

डिस्क मदरबोर्डला जोडणाऱ्या साटा केबलचं तोंड एल आकाराचं असतं. ते डिस्कच्या ज्या तोंडात बसतं, त्यातली प्लास्टिकची पट्टी नाजूक असते. बाजूचा पत्रा लावताना तो सरळ तोंडाच्या केबलवर दाबला गेला, तर ती पट्टी मोडते आणि केबलच्या चुकीपायी चांगली डिस्क बाद होते. जागा कमी असेल तिथे काटकोनी तोंडाची केबल वापरा. कोणती केबल कुठल्या पोर्टला लावायची, ते मदरबोर्डच्या पुस्तिकेत बघून ठरवा. अनेक बोर्डांवर एम.२ खाचेत (थेट बोर्डवर बसणाऱ्या छोट्या एसएसडीसाठीच्या जागेत) एसएसडी बसवली की एखादा साटा पोर्ट बंद होतो. तो कुठला हे ठाऊक नसलं, तर माणूस धडधाकट डिस्कवर संशय घेत बसतो.

आता मला सगळ्यात जास्त शिकवून गेलेला प्रसंग. एका मशीनमध्ये मी नवी एसएसडी बसवली आणि जुनी डिस्क जोडलेली ठेवूनच विंडोज टाकलं. सगळं छान चाललं. काही महिन्यांनी जुनी डिस्क खराब झाली म्हणून काढली, आणि मशीन सुरूच होईना. विंडोज एसएसडीवर होतं, पण ते सुरू करणाऱ्या फाइली इन्स्टॉलरने जुन्या डिस्कवर ठेवल्या होत्या. मशीनच्या मालकाचं दोन दिवसांचं काम खोळंबलं, त्याचं मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून विंडोज टाकताना ज्या डिस्कवर ते टाकायचंय तेवढीच जोडलेली ठेवतो. बाकीच्यांच्या डेटा केबल काढतो आणि काम झालं की परत लावतो. यात दुसरा फायदाही आहे: इन्स्टॉलरच्या यादीत एकच डिस्क दिसते, त्यामुळे भलतीच डिस्क फॉरमॅट होण्याची भीती उरत नाही.

एकाच मॉडेलच्या दोन डिस्क असतील, तर बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगमध्ये) त्यांचं नाव सारखंच दिसतं, सिरीयल नंबरच काय तो वेगळा असतो, आणि तो नंबर बसवलेल्या डिस्कच्या वरच्या बाजूला, दिसणार नाही असा असतो. म्हणून डिस्क खणात सरकवण्याआधी नंबरची शेवटची चार अक्षरं कागदी टेपवर लिहून घ्या. एक तुकडा केबलच्या डिस्ककडच्या टोकाला लावा, एक मदरबोर्डकडच्या. डिस्कवर मात्र चिकटवू नका. अनेक डिस्कच्या झाकणावर हवेसाठी बारीक भोक असतं आणि ते झाकू नये असं शेजारीच छापलेलं असतं.