करपलेलं लॉन उकरण्याआधी

मे महिन्यात लॉन पिवळं पडलं की बरेच जण थेट कुदळ काढतात. थांबा. लॉन हरळीचं असेल तर पानं करपली तरी जमिनीतलं खोड बहुधा जिवंत असतं. खुरप्याने चार-पाच ठिकाणी २ इंच उकरा आणि खोड मोडून बघा. आतून पांढरं आणि टणक असेल तर ते फुटेल, तपकिरी होऊन चुरा होत असेल तर गेलं. मेक्सिकन गवत मात्र सावकाश सावरतं, त्याला वेळ द्यावा लागतो.

बहुतेक ठिकाणी चूक रोजच्या शिडकाव्यातच असते. वरचा अर्धा इंच भिजतो, मुळं तिथेच घुटमळतात आणि दुपारी तीच माती तापते. त्यापेक्षा गुंठ्याला दीड हजार लिटर पाणी आठवड्यातून दोनदा, पहाटे द्या. पन्हाळा-शाहूवाडीकडच्या तांबड्या जमिनीत पाणी टिकत नाही. तिथे निम्मं पाणी, पण चार वेळा. शिरोळ-हातकणंगल्याच्या काळ्या रानात आधी भेगा चाळलेल्या मातीने बुजवा, नाहीतर सगळं पाणी भेगेतून खाली जातं. पाणी दोन हप्त्यांत, अर्ध्या तासाच्या अंतराने सोडा. दुसऱ्या दिवशी पेचकस ४ इंच सहज आत गेला, तर पाणी पुरलं. मातीवर पांढरा थर दिसला तर बोअरच्या पाण्यातले क्षार तपासून घ्या. क्षारपड जमिनीत निचरा नसेल तर जास्त पाणी उलट नडतं.

गवत हिरवं होईपर्यंत युरिया नको. सुकलेल्या मुळांना तो भाजतो. कापणीही थांबवा; पुढे कापाल तेव्हा २ इंच उंची ठेवा.

लग्नसराईत मांडवाखाली, मॅटखाली दबलेल्या जागी माती वीटेसारखी होते. ती भिजवून, दुसऱ्या दिवशी काटेफावड्याने ४ इंच खोल, वीतभर अंतरावर भोकं पाडा. वळीव झाल्यावर कुजलेलं शेणखत आणि वाळू चाळून समप्रमाणात पाव इंच पसरा. गुंठ्याला जेमतेम पाव ब्रास लागतं. साखर कारखान्याची मळी (प्रेसमड, म्हणजे उसाच्या रसातला गाळ) स्वस्त मिळते म्हणून ताजी टाकू नका, कुजताना ती तापते. नदीकाठची मातीही नको; तिच्यातून लव्हाळ्याच्या गाठी येतात आणि मग लॉनपेक्षा लव्हाळाच जोमात.

मोकळे राहिलेले डाग जूनमध्ये पाऊस लागल्यावर भरा. हरळीचे दोन-तीन पेरांचे तुकडे ३ इंचांवर लावा, एक पेर मातीत, टोक वर. पाणी साचणारी जागा आधीच उतारावर घ्या. जुलैच्या झडीत कोवळी मुळं कुजतात. नवी फूट दोन इंच झाली की गुंठ्याला १ किलो युरिया ओल्या जमिनीवर, पण पानं कोरडी असताना फोका आणि लगेच पाणी द्या.

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पुन्हा डाग पडले आणि गवत सतरंजीसारखं उचललं गेलं, तर दोष उन्हाचा नाही. खाली मुळं खाणारी हुमणीची अळी आहे.