स्टर्लिंगला जाताय? आधी किल्ला, मग बाकी सगळं

ग्लासगोत नवीन आलेली आपली मंडळी पहिल्या उन्हाळ्यात स्टर्लिंगला जातातच, आणि दरवर्षी कुणीतरी माझीच चूक करतं. म्हणून हे लिहितोय.

क्वीन स्ट्रीटहून ट्रेनने पाऊण तासाच्या आत पोचता. स्टेशनपासून किल्ल्यापर्यंत सगळा चढ आहे.

माझे आई-बाबा आले होते तेव्हा मी त्यांना आधी वॉलेस मॉन्युमेंटला, म्हणजे इंग्रजांशी लढलेल्या विल्यम वॉलेसच्या स्मारक-मनोऱ्याला नेलं. 246 पायऱ्यांचा गोल जिना, इतका अरुंद की समोरून कुणी उतरलं तर भिंतीला चिकटून उभं राहावं लागतं. बाबा प्रत्येक मजल्यावर टेकले. किल्ल्याच्या दारात पोचलो तेव्हा शेवटचा प्रवेश संपला होता. बंद होण्याच्या पाऊण तास आधी आत सोडणं थांबतं, हे मी वाचलंच नव्हतं. आगाऊ काढलेली चार तिकिटं वाया गेली. बाबा स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस याच्या पुतळ्यापाशी उभं राहून बाहेरूनच तट बघत राहिले. त्यांचं पुन्हा येणं झालं नाही. म्हणून परत सांगतो, आधी किल्ला. सकाळी दार उघडताना तिथे हजर राहा.

तिकीट ऑनलाइन काढा, स्वस्त पडतं. वर्षात तीन-चार किल्ले बघणार असाल तर हिस्टॉरिक एन्व्हायर्नमेंट स्कॉटलंडचं (हे किल्ले सांभाळणारी संस्था) सभासदत्व घ्या.

आपले लोक दारात फोटो काढतात, डबा खातात आणि परततात. ज्यांनी सिंहगड पायी चढलाय त्यांनी तरी असं करू नये. पिवळ्या चुन्याने रंगवलेला ग्रेट हॉल बघा. राजवाड्यात मान वर करून छतावरचे लाकडी कोरीव चेहरे बघा, मूळ चेहरे वेगळ्या दालनात ठेवलेत. मग तटावर जा. खाली फोर्थ नदी वळणं घेत जाते. तिच्यावरच्या अरुंद लाकडी पुलावरून 1297 मध्ये इंग्रज फौज ओलांडत होती. अर्धी पलीकडे जाईपर्यंत वॉलेस आणि त्याचा जोडीदार सेनानी मरे थांबले आणि मग तुटून पडले. वरून बघितलं की ती खेळी आपल्याला लगेच कळते, कारण खिंडीतल्या लढाया ऐकतच आपण वाढलो. आतल्या माणसांना प्रश्न विचारा. इथले लोक स्वतःहून बोलत नाहीत, पण इतिहास विचारलात की थांबत नाहीत.

उतरताना होली रूड चर्च लागतं. तिथे 1567 मध्ये तेरा महिन्यांच्या सहाव्या जेम्सला स्कॉटलंडचा राजा म्हणून मुकुट चढवला.

छत्री नेऊ नका, तटावरचा वारा ती उलटी करतो. टोपीचं जॅकेट न्या, जुलैतसुद्धा.